अमेरिकन नागरिकाशी लग्न झालंय? सोलापुरात बसून, वकिलाशिवाय ग्रीन कार्डाचा अर्ज

सोलापुरातली कितीतरी मुलं पुणे-हैदराबादमार्गे अमेरिकेला गेली, तिथेच स्थिरावली, काहींनी तिथलं नागरिकत्वही घेतलं. लग्न मात्र बहुतेकांचं इकडेच जमतं. मंगल कार्यालयाचा हिशेब मिटतो, पाहुणे पांगतात, नवरा रजा संपवून परत जातो आणि मग घरात विषय निघतो: आता हिच्या व्हिसाचं काय करायचं? कुणी ओळखीच्या एजंटाचा नंबर देतं, कुणी तिकडच्या वकिलाच्या फीचा आकडा सांगतं. तो ऐकून घरच्यांना वाटतं की हे काम सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही.

माझं मत उलट आहे. दोघांचंही पहिलंच लग्न असेल, कुणावर पोलीस केस नसेल, पूर्वी कुणी अमेरिकेत मुदत संपल्यावरही राहिलेलं नसेल, तर वकील लागत नाही. कायद्याने तर तो मुळीच सक्तीचा नाही. सगळे फॉर्म अमेरिकन सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि प्रत्येकाबरोबर सविस्तर सूचनाही असतात. अर्ज अडतो तो फॉर्मपाशी नाही, आपल्या कपाटातल्या कागदांपाशी. म्हणून रस्ता थोडक्यात सांगून या लेखाचा मोठा भाग मी कागदांना देणार आहे. उदाहरणात नवरा अमेरिकन नागरिक आणि बायको सोलापूरची धरली आहे. उलट असेल तरी नियम तेच.

नागरिकाचा जोडीदार तिथल्या कायद्यात ‘इमिजिएट रिलेटिव्ह’ या वर्गात येतो. या वर्गाला वार्षिक मर्यादा नाही, म्हणजे भावा-बहिणींच्या अर्जासारखं वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागत नाही. नवऱ्याकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल, नागरिकत्व नसेल, तर वर्ग वेगळा आणि रांगही वेगळी. त्यामुळे स्थळ बघतानाच हा प्रश्न स्पष्ट विचारावा. ‘तिकडे सेटल आहे’ या उत्तरावर थांबू नये.

पहिला अर्ज नवऱ्याने करायचा. त्याचं नाव आय-१३०, आणि तो जातो यूएससीआयएस या अमेरिकेच्या स्थलांतर खात्याकडे. सोबत बायकोची माहिती देणारा आय-१३०ए जोडतात. ती भारतात असेल तर त्यावर तिची सही नसली तरी चालते, पण फॉर्म भरलेला लागतो. हा अर्ज म्हणजे व्हिसा नव्हे. आमचं लग्न कायदेशीर आहे आणि खरं आहे, एवढंच त्यात सिद्ध करायचं असतं. मंजुरीला वर्षाहून जास्त लागेल असं धरून चाला. मंजूर झाल्यावर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जाते. तिथे फी भरायची, डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज भरायचा, कागद स्कॅन करून चढवायचे. ते कागद पूर्ण ठरवतात, मग मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत.

एप्रिल २०२४ च्या दरांप्रमाणे आय-१३० ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर, कागदावर ६७५. एनव्हीसीकडे व्हिसाचे ३२५ आणि आर्थिक हमीच्या तपासणीचे १२०. व्हिसा मिळाल्यावर ग्रीन कार्ड छापण्यासाठी २३५. ऑनलाइन मार्गाने बेरीज १३०५ डॉलर. वैद्यकीय तपासणी आणि प्रवास यांचा खर्च निराळा. दर बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचा आकडा पाहा. एजंटाने सांगितलेला किंवा या लेखातला आकडा धरू नका.

नाव: सगळ्यात जास्त गोंधळ इथेच

आपल्याकडे माणसाचं नाव तीन पदरी. सविता सिद्राम बिराजदार. लग्न झालं की काही घरांत ती सविता राजेश कोळी होते, म्हणजे तीनपैकी दोन पदर एकदम बदलतात. आधार कार्डावर नवं नाव, पासपोर्टवर जुनं, पॅन कार्डावर ‘सविता एस. बिराजदार’, बँकेत वडिलांचं नाव ‘सिद्धाराम’. आपल्याला हे सगळं एकच माणूस म्हणून दिसतं. परदेशातल्या अधिकाऱ्याला चार नावं दिसतात.

म्हणून पहिला नियम: अर्जात नाव पासपोर्टप्रमाणे, अक्षर न् अक्षर. दुसरं कुठलंही नाव किंवा स्पेलिंग कधी वापरलं असेल, तर ‘अदर नेम्स यूज्ड’ या रकान्यात ते सगळं लिहून टाका. हा रकाना लपवाछपवीसाठी नाही, मोकळेपणाने सांगण्यासाठी आहे. माहेरचं नाव, शाळेतलं स्पेलिंग, आधारवरचं नाव, सगळं तिथे चालतं. दुसरा नियम: लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हे अर्ज करण्याआधी ठरवा. अमेरिकेच्या व्हिसासाठी बायकोने नवऱ्याचं आडनाव लावायची काहीच गरज नाही. बदलायचंच असेल तर आधी पासपोर्ट बदलून घ्या, मग अर्ज करा. मधेच बदलाल तर फी भरलेली एका नावाने आणि पोलिसांचा दाखला दुसऱ्या नावाने, असा गुंता होतो.

सोलापुरात मराठीच्या बरोबरीने तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं आहेत, त्यामुळे आणखी एक प्रकार बघायला मिळतो. काही जुन्या पासपोर्टांत आडनावाचा रकाना कोराच असतो आणि सगळं नाव एकाच ओळीत येतं. अशा वेळी अमेरिकन व्हिसावर ते अख्खं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) ही तीन अक्षरं छापली जातात. पुढे तिकडे बँक, लायसन्स, नोकरी सगळीकडे तेच नाव मागे लागतं. अर्जाच्या आधी पासपोर्टमध्ये नाव आणि आडनाव वेगळं करून घेतलंत तर हा त्रास टळतो.

जन्माचा दाखला

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यामुळे जी मुलगी आयुष्यभर सोलापुरात राहिली, तिची जन्मनोंद अक्कलकोटला, तुळजापूरला किंवा पार कर्नाटकात विजयपूरला असू शकते. दाखला जन्म जिथे झाला तिथूनच मिळतो, राहत्या गावातून नाही. आईला किंवा आजीला आधी विचारून घ्या की बाळंतपण नेमकं कुठे झालं. महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात खेटे घालून हे कळणार नाही.

दाखला हातात आला की त्यावरचा नावाचा रकाना बघा. जुन्या नोंदींत तो बरेचदा मोकळा असतो, कारण बारशाच्या आधीच दवाखान्याने नोंद कळवलेली असते. त्यात लिंग, जन्मतारीख, आई-वडिलांची नावं असतात आणि बाळाचं नावच नसतं. असा दाखला एनव्हीसीला पुरत नाही. नोंदणी कार्यालयात अर्ज देऊन त्यात नाव घालून घ्यावं लागतं. शाळा सोडल्याचा दाखला, आई-वडिलांची ओळखपत्रं आणि प्रतिज्ञापत्र लागतं. यात आठवडे जातात, म्हणून हे काम आय-१३० पाठवला त्याच आठवड्यात सुरू करा. मंजुरीची वाट बघत बसण्याचा तो काळ कागद नीट करण्यासाठीच आहे.

नोंदच सापडली नाही तर रजिस्ट्रारकडून ‘नोंद आढळत नाही’ असं लेखी प्रमाणपत्र घ्या. त्याच्या जोडीला शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या आई-वडिलांची किंवा जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं द्यायची. नुसती प्रतिज्ञापत्रं देऊन भागत नाही. नोंद नाही हे आधी सरकारी कागदाने दाखवावं लागतं.

मराठी किंवा कन्नड दाखल्याचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि इथे लोक विनाकारण पैसे घालवतात. भाषांतर सरकारमान्य भाषांतरकारानेच करावं असा नियम नाही. नोटरीचा शिक्काही लागत नाही. दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या कुणीही ते करावं आणि खाली लिहावं की हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात. मग नाव, सही, पत्ता, तारीख. फक्त नवरा-बायकोने स्वतः करू नये, ओळखीतल्या एखाद्या शिक्षकांना विनंती करावी. शिक्का, शेरा, कोपऱ्यातला नोंदणी क्रमांक, सगळं भाषांतरात आलं पाहिजे.

लग्नाची नोंद, आणि जुनं लग्न मोडलं असेल तर

पत्रिका, फोटो आणि भटजींची सही म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे शहरात महापालिकेकडे आणि गावात ग्रामपंचायतीकडे नोंद होते, त्याचं प्रमाणपत्र मिळतं. काही जोडपी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करतात. त्यात विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, म्हणून नवऱ्याची रजा दोन-तीन आठवड्यांचीच असेल तर हा हिशेब आधी करा. कुठल्याही मार्गाने नोंदवा, पण नवरा परत जाण्याच्या आत नोंदवा. सहीला तो इथे नसला की सगळं लांबतं. प्रमाणपत्र हातात पडल्यावर खिडकीवरच उभं राहून दोघांची नावं, लग्नाची तारीख आणि ठिकाण वाचून घ्या. पत्रिकेवर २२ तारीख आणि प्रमाणपत्रावर २३, एवढ्यावरूनही पुढे प्रश्न निघतात. फोनवर किंवा व्हिडिओवर लावलेलं लग्न अमेरिका सहसा धरत नाही. दोघं एका ठिकाणी हजर असायला हवीत.

दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालं असेल तर ते कसं संपलं याचा कागद लागतो: मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूमनामा. आपल्या भागात काही समाजांत पंचांसमोर काडीमोड किंवा फारकत होते आणि ती स्टॅम्प पेपरवर लिहिली जाते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीने चालत आलेल्या घटस्फोटाला जागा ठेवली आहे. पण अशी रूढी त्या समाजात खरंच आहे आणि त्याप्रमाणेच घटस्फोट झाला, हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर येतो. पहिला घटस्फोट ग्राह्य धरला नाही तर दुसरं लग्नच टिकत नाही. असा कागद तुमच्या फाइलमध्ये असेल तर या लेखाच्या भरवशावर राहू नका. इथल्या कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाला आणि तिकडच्या स्थलांतराच्या वकिलाला, दोघांनाही दाखवा.

बायकोला आधीच्या लग्नाचं मूल असेल तर ते आईच्या अर्जात आपोआप धरलं जात नाही. त्याच्यासाठी नवऱ्याने स्वतंत्र आय-१३० भरायचा असतो. हे लग्न मूल १८ वर्षांचं होण्याच्या आत झालेलं असेल तरच ते त्याचं सावत्र मूल म्हणून धरलं जातं. कित्येक आयांना हे मुलाखतीच्या तोंडावर कळतं, म्हणून इथे ठासून सांगतोय.

लग्न खरं आहे हे दाखवताना ठरवून केलेल्या लग्नाची लाज किंवा भीती बाळगू नका. स्थळ कुणी आणलं, पहिल्यांदा बोलणं कधी झालं, बघायला कोण आलं, साखरपुडा कुठे झाला, हे एका पानात तारखांसह सरळ लिहा. अल्बममधले मोजके फोटो पुरतात, पण त्यांत दोन्हीकडचे आई-वडील, नातेवाईक दिसू द्यात, आणि मागे कोण कुठे हे लिहा. मंगल कार्यालयाची पावती, पत्रिका, नवऱ्याची विमानाची तिकिटं, त्याच्या पासपोर्टवरचे शिक्के, लग्नानंतर एकत्र राहिल्याचा पुरावा, त्याच्या विम्यात किंवा बँकेत बायकोचं नाव. व्हॉट्सॲपच्या शेकडो पानांचा गठ्ठा पाठवू नका. महिन्यागणिक थोडे नमुने द्या. बनावट लग्नाला तिथे तुरुंग आणि मोठा दंड आहे, शिवाय पुढे लग्नाच्या नात्याने कधीच अर्ज करता येत नाही. तेव्हा कुणी पुरावे ‘तयार करून’ देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आर्थिक हमी: सही करण्याआधी नवऱ्याने वाचावं

आय-८६४ हा फॉर्म लोक नुसता पगाराचा दाखला समजून भरतात. तो अमेरिकन सरकारशी केलेला करार आहे. बायको अमेरिकेची नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खात्यावर साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत, किंवा ती देश कायमचा सोडेपर्यंत नवरा तिच्या उदरनिर्वाहाला बांधील राहतो. घटस्फोट झाला तरी ही जबाबदारी संपत नाही. हे मुलीकडच्यांनाही माहीत असावं.

उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागतं. २०२५ च्या आकड्यांनी दोघांच्या कुटुंबाला वर्षाला २६,४३७ डॉलर. चुकतं ते कुटुंबातली माणसं मोजण्यात. मुलाने आधीच आई-वडिलांना ग्रीन कार्डावर नेलं असेल आणि त्यांच्यासाठी हाच फॉर्म भरला असेल, तर ती हमी चालू असेपर्यंत तेही मोजावे लागतात. मग चौघांचा आकडा धरायचा, ४०,१८७ डॉलर. कमी पडलं तर तिथे राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सह-हमीदार होऊ शकतो. कर विवरणाचा उतारा तिथल्या कर खात्याकडून फुकट मिळतो.

नवरा सध्या सोलापुरातच राहत असेल तर आणखी एक अट येते: त्याचं वास्तव्य अमेरिकेत आहे किंवा तो बायकोबरोबर, नाहीतर तिच्या आधी, तिथे परत जाणार आहे हे दाखवावं लागतं. तिकडची नोकरीची ऑफर, घरभाड्याचा करार, बँक खातं उपयोगी पडतं. भारतात राहूनही अमेरिकन नागरिकाला तिकडचं कर विवरण भरावं लागतं. भरलं नसेल तर ते आधी पूर्ण करा.

मुंबईची फेरी

पोलिसांचा दाखला म्हणजे पीसीसी. तो पोलीस ठाण्यातून आणलेला चालत नाही, पासपोर्ट कार्यालयाकडूनच लागतो. फी ५०० रुपये. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर दुबई, मस्कत किंवा आणखी कुठे वर्षभर राहिला असाल तर तिथल्या पोलिसांचाही लागतो, आणि तो यायला वेळ घेतो.

वैद्यकीय तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. सोलापुरातल्या कितीही नामांकित डॉक्टरचा दाखला चालत नाही. छातीचा एक्स-रे, रक्ततपासणी, लसी असं सगळं असतं. जुन्या लसीकरणाचे कागद नेलेत तर पुन्हा टोचून घ्यावं लागत नाही. कधीकाळी क्षयाचे उपचार झाले असतील तर लपवू नका, उपचार पूर्ण झाल्याची फाइल घेऊन जा. एक्स-रेवर जुना डाग दिसला तर थुंकीच्या तपासणीत आठवडे जातात, म्हणून तपासणी मुलाखतीच्या आदल्या दिवशी ठेवू नये. बंद लिफाफा दिला तर तो फोडायचा नाही.

सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी उतरून तसंच मुलाखतीला जाणं टाळा. गाडीला उशीर झाला तर इतक्या महिन्यांची वाट वाया जाईल. आदल्या दिवशी पोचा. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून पत्ते आणि नंबर कागदावर लिहून ठेवा. नवरा हजर असण्याची सक्ती नाही. भाषेची भीतीही नको. मुलाखत मराठीत हवी असेल तर आधीच सांगा. मूळ कागद सगळे जवळ हवेत, नुसत्या झेरॉक्स नाहीत. अधिकारी साधं विचारतात: लग्न कसं ठरलं, नवरा काय करतो, सासरी कोण कोण आहे. पाठ केलेलं बोलू नका. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. खोटं सापडलं तर कायमची बंदी येऊ शकते, आणि ती एखाद्या क्षुल्लक गोष्टीपायी ओढवून घेऊ नये. २२१(जी) ची, म्हणजे व्हिसा तूर्त रोखल्याची, चिठ्ठी मिळाली तर रडू नका. बहुतेक वेळा एखादा कागद कमी पडलेला असतो किंवा तपासणी बाकी असते. मागितलेला कागद वर्षाच्या आत द्यायचा असतो.

मधल्या काळात ‘तोपर्यंत टुरिस्ट व्हिसावर जाऊन ये’ असा सल्ला हमखास मिळतो. कायम राहण्याचा अर्ज चालू असताना तो व्हिसा मिळणं अवघड असतं, आणि तो मागताना लग्न लपवलं तर खरा अर्जही धोक्यात येतो.

वकील केव्हा गाठायचा? पूर्वी अमेरिकेत १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहणं झालं असेल तर ३ वर्षांची, वर्षभर किंवा जास्त झालं असेल तर १० वर्षांची बंदी लागू होते. तसं असेल, अटक किंवा गुन्हा असेल, आधीच्या व्हिसात खोटी माहिती दिल्याचा ठपका असेल, किंवा वर सांगितलेली फारकत असेल, तर वकिलावरचा खर्च टाळू नका. बाकी प्रकरणांत एजंट फक्त टायपिंग करतो. टायपिंगचे पैसे द्या, पण ‘काय लिहायचं’ हे त्याला ठरवू देऊ नका. दुसऱ्याने फॉर्म भरला तर तयार करणाऱ्याच्या रकान्यात त्याने सही करायची असते. जो करत नाही, तो चूक झाल्यावर जबाबदारीही घेणार नाही. लॉगिन आणि पासवर्ड आपल्याच ईमेलवर ठेवा.

व्हिसा बहुधा वैद्यकीय तपासणीपासून सहा महिने चालतो. अमेरिकेत पाऊल ठेवण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर कार्ड दोन वर्षांचं आणि सशर्त असतं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ही अट काढून घेण्याचा फॉर्म, आय-७५१, भरायचा. ही तारीख घरातल्या कॅलेंडरवर आणि बायकोच्या स्वतःच्या फोनमध्ये, दोन्हीकडे लिहून ठेवा, कारण मुदत चुकली तर कार्डच जातं. घटस्फोट झाला किंवा घरात मारहाण, छळ होत असेल तर तिला हा फॉर्म नवऱ्याच्या सहीशिवाय, एकटीने भरता येतो आणि त्यासाठी ९० दिवसांची वाट बघावी लागत नाही. नवरा ‘सही करणार नाही, परत पाठवीन’ म्हणून धमकावत असेल तर मुलीला ही तरतूद माहीत हवी. पासपोर्ट, लग्नाचं प्रमाणपत्र आणि कार्ड यांच्या प्रती तिने जाण्याआधीच माहेरी ठेवून जाव्यात.